चार खाचांची काडी

कापसाचे दिवस आले की माझं लक्ष लोकांच्या चेहऱ्यावरून घसरून थेट पायांवर जातं. सवय वाईट आहे, कबूल. परवा बसमध्ये शेजारच्या बाईंशी वांग्याच्या भाजीवर छान गप्पा चालल्या होत्या, पण मी उत्तरं त्यांच्या चपलांना देत होते. शेवटी त्यांनी पाय सीटखाली ओढून घेतले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांना काय सांगणार? बाहेर शेताशेतांतून पऱ्हाटीची बोंडं फुटली होती. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते, भरलेल्या गाड्यांनी जाता जाता मागे सोडलेले. हे पुंजके दिसले की मला तुरीच्या वाळल्या काडीचा, तुराटीचा वास येतो, भिंतीला टेकलेल्या टाचेला गारवा लागतो, आणि मग समोर कोणीही असो, मी मनातल्या मनात त्याच्या पायाचं माप घ्यायला लागते.

आमचं गाव समुद्रपूरच्या पुढे, गिरडच्या वाटेवर. घरापुढच्या सपरीत बसलं की दूरवर गिरडची टेकडी दिसते. घरात आम्ही पाच जण. बाबा, आई, गजूदादा, मधली मी, म्हणजे संगी, आणि धाकटी छोटी. छोटीला शाळेत वेगळं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं.

बाबा वर्षभर कुठे जात नसत. लग्न असो की मयत, दिवस मावळायच्या आत घरी. आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणी बैलांना गोड लागत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. फक्त कापसाच्या दिवसांत, आणि तेही बैलांना सोबत घेऊनच, ते खरोखरीच्या परगावी जायचे. कापसानं भरलेली बंडी, म्हणजे आमची बैलगाडी, घेऊन हिंगणघाटला. तिथे बंड्यांची लांबच लांब रांग. आपली पाळी येईपर्यंत रांगेतच मुक्काम, बंडीच्या सावलीतच भाकरी. आज निघालेले बाबा परवा दिवेलागणीला परत यायचे. आमच्या लेखी हिंगणघाट हा परदेश होता, आणि परदेशातून बाप रिकाम्या हातानं येत नसतो एवढं आम्हाला नक्की ठाऊक होतं.

यायचं ते भातकं. भातकं म्हणजे खाऊ. शेव, फुटाणे, रेवड्या. कागदाच्या पुड्या बंडीत ठेवलेल्या असायच्या आणि बंडीत तर फटीफटीतून कापसाचे तंतू. ते रेवड्यांना चिकटायचे. रेवडी तोंडात टाकायची, तीळ चावायचे, गूळ चघळायचा आणि मग जिभेच्या शेंड्यावर आलेला तंतू दोन बोटांनी ओढून काढायचा, अशी आमची खायची पद्धत होती. आजही चांगल्या दुकानातली, स्वच्छ डब्यातली रेवडी खाल्ली की माझी जीभ तो तंतू शोधते. सापडत नाही, आणि रेवडी अर्धवट लागते.

पण भातकं ही झाली वरकड गोष्ट. ज्याच्यासाठी आमचे प्राण कंठाशी यायचे ती वस्तू म्हणजे चपला. वर्षाला एक जोड, आणि तोही कापूस निघाल्यावरच. आणि त्या चपलांचं माप घ्यायची बाबांची जी रीत होती, तिच्यापुढे मला आजही हात जोडावेसे वाटतात.

निघायच्या आदल्या दिवशी ऊन कललं की बाबा कुडाशी रचलेल्या गेल्या सालच्या तुराट्यांतून काड्या निवडायला बसायचे. काडी सरळ हवी, पुरती वाळलेली हवी, गाठीची नको. ओली काडी वाळली की आखडते आणि पोराचा पाय चावतो, असं ते म्हणत. मग एकेकाला भिंतीशी उभं करायचं. टाच भिंतीला, पाय सरळ, श्वाससुद्धा बेतानं. बाबा उकिडवे बसून पायाशेजारी काडी ठेवायचे, एक डोळा मिटून बघायचे.

दादा मोठा लबाड. मोठी चप्पल मिळावी म्हणून तो टाच हळूच पुढे सरकवायचा. बाबा मान वर न करता म्हणायचे, "गजू, चप्पल तुले पाह्यजे का भिताडाले?"

छोटीला गुदगुल्या व्हायच्या. तिचा पाय धरायला दोन माणसं लागायची आणि तिसरं तिला रागवायला. मी मात्र शहाण्यासारखी उभी राहायची. अंगठा जिथे संपतो त्याच्या पुढे बाबा स्वतःचं एक बोट आडवं ठेवत आणि तिथे नखानं खूण करून काडी कट्टकन मोडत. "हे बोटभर वाढाले," असं प्रत्येक वेळी म्हणत. म्हणजे पुढच्या कापसापर्यंत पाय वाढणार, त्याची जागा आधीच धरलेली. माझ्या वाढण्यावर इतका भरवसा पुढे कुठल्याही शाळेनं, कुठल्याही साहेबानं दाखवला नाही.

मग विळ्यानं खाचा. दादाच्या काडीला एक, माझ्या काडीला दोन, छोटीच्या काडीला तीन. तिन्ही काड्या दोऱ्यानं एकत्र बांधून कोपरीच्या आतल्या खिशात, छातीशी.

बाबा चौथी शिकलेले. आकडे त्यांना वाचता येत होते. चपलेवरचा नंबरही वाचता आला असता. पण दादानं एकदा विचारलं, सरळ नंबर सांगितला तर काय बिघडलं, तेव्हा ते म्हणाले, "नंबर दुकानदाराचा राह्यते बाप्पा. काडी आपली राह्यते."

एका वर्षी दादा त्यांच्यासोबत गेला होता. त्यानं येऊन सांगितलं ते दृश्य मी पाहिलेलं नाही, पण पाहिल्याइतकं मला आठवतं. दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड. बाबा शांतपणे खिशातून काड्या काढतात. दुकानदार चपलांचा ढीग पुढे लोटतो. बाबा एकेका चपलेत काडी घालून बघतात, टाचेकडून अंगठ्याकडे. हलली तर नको, वाकली तर नको. दुकानदार वैतागून म्हणतो, काका, लवकर करा ना. बाबा म्हणतात, "पाय इथं नाई ना भाऊ, म्हणून येळ लागते." तीन गावं पलीकडे असलेले आमचे पाय त्या गर्दीत बाबांच्या समोर उभे असायचे. कधी चप्पल लहान आली नाही, कधी मोठी आली नाही. माझी मुलं आज दुकानात जाऊन, चार जोड घालून, आरशासमोर चालून दाखवून चपला घेतात आणि घरी आल्यावर म्हणतात, अगं आई, चावते.

माझ्या मुलांचा विषय निघालाच आहे तर सांगते. मी वर्ध्याला एका कचेरीत नोकरी करते. कधी प्रशिक्षणाला पुण्याला जाते, कधी आणखी कुठे. परत येताना बॅगेत काहीतरी असतंच. पण मी निघायच्या आधीच मुलांनी हवी ती वस्तू मोबाईलवर मागवलेली असते, आणि मी बडनेऱ्यापर्यंत पोचेस्तोवर ती घरी येऊन उघडूनही झालेली असते. मी दारात उभी राहते तेव्हा मुलगा प्रेमानं विचारतो, "जेवलीस का गं?" तक्रार नाही माझी. चांगला प्रश्न आहे. फक्त आम्ही तो बाबांना कधी विचारला नाही, हे तेव्हा आठवतं.

आम्ही विचारत नव्हतो कारण आमचे कान वेगळ्या कामात असायचे. भरलेली बंडी दबक्या आवाजात जाते आणि रिकामी बंडी खडखडत येते. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळतीकडे कलला की आम्ही तिघं पांदणीच्या, शेतांमधल्या गाडीवाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचो. इतरांच्या बंड्या यायच्या, जायच्या. "आला का रे तुमचा बाप?" कोणी विचारायचं. आणि मग आमच्याच बैलांच्या घागरमाळा, आमचाच खडखडाट. छोटी पळत सुटायची आणि चालत्या बंडीला लोंबकळायची.

ज्या वर्षाची गोष्ट मनातून जात नाही, त्या वर्षी मी चौथीत होते. माप घेऊन झालं होतं, तीन काड्या तयार होत्या, आणि माझ्या डोक्यात एकदम आलं की आईची काडी नाही. यंदाच नाही असं नाही, कधीच नव्हती.

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी विचारलं, "आई, तुई काडी काऊन नाई मोडत बाबा?"

"माये पाय काय आता वाढून राह्यले?" आई हसून म्हणाली. "माप वाढत्या पायाले लागते. जाय, पानी आण."

उत्तर इतकं बिनतोड होतं की मी पाणी आणायला गेले. पण बादली उचलताना तिच्या चपला दिसल्या. अंगठ्याचा पट्टा तुटलेला, तो चिंधीनं बांधलेला. टाचेकडचा भाग झिजून कागद झालेला. त्याही ती फक्त गावात जायचं तर घालायची. शेतात अनवाणी. कापूस वेचणाऱ्या बाईच्या हातांविषयी लोक बोलतात, सुकलेल्या बोंडांची टोकं बोटांना कशी टोचतात ते सांगतात. पायांविषयी कोणी बोलत नाही. आई कमरेला ओटी बांधून पहाटेपासून पऱ्हाटीच्या ओळीओळींतून चालायची आणि संध्याकाळी सपरीत बसून सुईनं तळपायातले काटे काढायची. कंदील धरायचं काम माझं. काटा निघाला की ती तो बोटावर घेऊन बघायची आणि म्हणायची, "पाह्य, किती मोठा होता!" जसा काही तिनं तो पाळला होता.

तेव्हाच मी ठरवलं की आईची काडी मोडायची. पण माप घ्यायचं कसं? आई दिवसा कधी आडवी होत नसे, आणि उभी राहा म्हटलं तर पाठीत धपाटा. तेवढ्यात तिनं सपरी सारवली आणि सारवणावरून एक पाऊल टाकून अंगणात उतरली. ओल्या शेणात तिचा पाय उमटला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. मी धावत जाऊन तुराटी आणली आणि त्या उमटलेल्या पावलाशेजारी ठेवली. एक डोळा मिटून बघितलं, बाबांसारखं. मग अंगठ्याच्या पुढे माझं एक बोट आडवं धरलं. आणि माझं बोट बाबांच्या बोटापेक्षा बारीक, म्हणून दोन धरली. आईचे पाय वाढत नाहीत असं तिनं स्वतः सांगितलं होतं. तरी मी जागा सोडली. का सोडली, ते मला आज नीट सांगता येत नाही. बाबा सोडायचे म्हणून, की आईनंही वाढावं असं मला वाटत होतं म्हणून. चार खाचा केल्या आणि खुंटीवरच्या कोपरीच्या खिशात ती काडी सरकवली.

बाबा गेले. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शाळेत गुरुजींनी काहीही विचारलं की मला चपलाच दिसायच्या. कशा असतील? लाल पट्ट्याच्या? पुढे फूल असलेल्या?

तिसऱ्या दिवशी बंडी आली. भातकं वाटून झालं. चपला निघाल्या. दादाच्या, माझ्या, छोटीच्या. तिघांच्याही नेमक्या. मग बाबांनी पोत्याखालून चौथा जोड काढला. जाडजूड, तपकिरी, टायरच्या तळाच्या, पुरुषी चपला. त्यांनी त्या आईपुढे ठेवल्या.

"हे घे. तुया भावासाठी."

आईनं एक चप्पल उलटी करून बघितली. "माया भावासाठी? काऊन जी?"

"काऊन म्हंजे? तूच तं काडी ठेवली ना खिशात. चार खाचा. मी रांगेत बसून दिवसभर इचार केला, कोनाची असन, कोनाची असन. मंग वाटलं, तुया भाऊ येऊन गेला दिवाईले, त्याची असन."

खांबाआडून मी तेव्हा बोलले नसते तर बरं झालं असतं, असं पुढची पाच मिनिटं मला वाटत होतं. पण मी बोलले. "मामाची नाई. आईची हाय ते काडी."

आधी कोणालाच कळलं नाही. मग दादाला कळलं आणि तो खो खो हसत सुटला. "आईचा पाय एवढा! बाबाहून मोठा!" छोटीला काही कळलं नव्हतं, पण दादा हसतो म्हणून तीही हसली. आईनं खाली बघितलं. स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि लुगड्याचा काठ ओढून दोन्ही पाय झाकून घेतले.

तिचं ते पाय झाकणं मी विसरलेली नाही. आईला मी काहीतरी मोठं द्यायला निघाले होते आणि मीच तिला सगळ्यांसमोर लाजवलं होतं. तोंडातली रेवडी मी काढून मुठीत धरली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी दादाकडे फक्त एकदा बघितलं, तेवढ्यानं दादाचं हसू बंद पडलं. मग ते बराच वेळ त्या तपकिरी चपलांकडे बघत बसले. ज्या माणसाला गर्दीत, तीन गावं लांबून, पोरांचे पाय जसेच्या तसे दिसायचे, त्याला आपल्या बायकोचा पाय ओळखता आला नव्हता. चौथीतल्या पोरीला हे असं शब्दांत कळलं नाही. पण बाबांचं काहीतरी चुकलंय, आणि ते त्यांना समजलंय, एवढं मला नक्की कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगण झाडत होती. बाबा हातात तुराटी घेऊन आले आणि म्हणाले, "इकडे ये. भिंतीपाशी उभी राय."

"अव माय! काऊन?"

"माप घेतो."

"पोरं पाहून राह्यले ना!"

"पाहू दे."

शेजारची काकू नेमकी विरजण मागायला आली होती. ती वाटी हातात धरून जागीच थांबली. आमच्या गावात त्या काळी नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आईचा चेहरा लालबुंद झाला होता. "मले पाप लावता का तुम्ही?" ती पुटपुटली. "पायाले हात नोका लावू."

"नाई लावत. आन् लागलाच तं पाप माया खात्यात," बाबा म्हणाले आणि खाली उकिडवे बसले.

आईनं टाच भिंतीला लावली. डोळे मिटून घेतले. बाबांनी पायाला हात न लावता, अगदी शेजारी काडी ठेवली, एक डोळा मिटला, अंगठ्यापुढे आपलं बोट आडवं धरलं. आई म्हणाली, "बोट कायले? मी काय वाढतो आता?" तिकडच्या बायका तेव्हा असंच बोलायच्या, मी करतो, मी जातो.

"राहू दे," बाबा म्हणाले. काडी कट्टकन मोडली.

मग त्यांनी माझी काडी त्या नव्या काडीशेजारी धरली. माझी चांगली दोन बोटं लांब होती. ओल्या सारवणात आईचं पाऊल घसरून लांबलं होतं आणि त्यावर मी दोन बोटं वाढवली होती. "पाह्य गजू," बाबा म्हणाले, "तुया आईचा पाय लहानच हाय. संगीचंच माप मोठं हाय." आई डोळे उघडून हसली. काकू वाटी विसरून घरी गेली आणि तासाभरात ही बातमी अख्ख्या गावाला झाली.

पुढच्या खेपेला बाबांनी आईचा जोड आणला, जांभळ्या पट्ट्यांचा. त्यात फूल नव्हतं, पण आईच्या पायाला असा बसला की जणू तो तिच्या पायावरच शिवला होता. तो ती लग्नाकार्याला आणि गिरडच्या यात्रेला घालायची, परत आली की पुसून फळीवर. आणि शेतात घालायची त्या तपकिरी, पुरुषी, टायरच्या चपला. पुढे चिंध्या कोंबून. वेचणाऱ्या बायका चिडवायच्या, "काय वो, मालकाच्या चपला पळवल्या का?" आई म्हणायची, "मालकाच्या नाई, माया भावाच्या हाय!" आणि सगळ्या शेतभर हशा. त्या वर्षीपासून कंदील धरायचं माझं काम जवळजवळ बंद झालं. आणि त्या वर्षीपासून दर कापसाला आमच्या घरी चार काड्या मोडल्या जाऊ लागल्या.

या गोष्टीत मला सगळं आठवतं. दादाच्या चपलेचं बक्कल, छोटीच्या चपलेचा निळा रंग, काकूच्या हातातली वाटी, सारवणाचा वास. बाबांच्या पायात काय असायचं ते मात्र आठवत नाही. मी खूप ताण देऊन बघितला. बंडी आठवते, बैल आठवतात, खिशातल्या काड्या आठवतात. बाबांचे पाय येतात ते नेहमी धुळीनं माखलेले, त्यामुळे धुळीखाली चप्पल होती की नव्हती, मला सांगता येत नाही.

आता बंडी नाही. कापूस पिकअप गाडीतून जातो आणि संध्याकाळी गाडी परत. दादा शेती बघतो. बाबा पंच्याहत्तरीकडे झुकले आहेत आणि सपरीत बसून दादाला सल्ले देतात, जे दादा ऐकत नाही. गेल्या पावसाळ्यापासून आईचे पाय सुजतात. डॉक्टरांनी मऊ तळाच्या चपला घालायला सांगितल्या आहेत. रविवारी मी गावी जाणार होते, म्हणून शुक्रवारी कचेरी सुटल्यावर वर्ध्याच्या बाजारात एका चांगल्या दुकानात शिरले. मऊ चपला दाखवा म्हटलं. मुलानं हसून विचारलं, "मॅडम, नंबर?"

आईला किती साड्या घेतल्या असतील मी आजवर. तिच्या गोळ्यांची नावं मला पाठ आहेत. आणि जिनं चौथीत असताना तिची काडी मोडली होती, तिला आईच्या पायाचा नंबर माहीत नव्हता.

दुकानाबाहेर येऊन आईला फोन लावला. आई म्हणाली, "नोको आणू वो काही. माये पाय काय आता वाढून राह्यले?"

तेच वाक्य. तोच हसरा आवाज. मी म्हटलं, बाबांना दे.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नंबर-नंबर काय करून राह्यली? उद्या सकायच्या गाडीनं काडी पाठवतो. कंडक्टर बाई ओयखीची हाय आपल्या."

"बाबा, जुनीच काडी असेल ना ठेवलेली?"

"जुनी काय कामाची? पाय वाढले ना तिचे. सुजले, पसरले. नवीन मोडतो. बोटभर जास्त धरतो, डॉक्टरनं सैल सांगतलं ना."

शनिवारी सकाळी मी बसस्थानकावर जाऊन उभी राहिले. समुद्रपूरकडून गाडी आली. कंडक्टर बाईंनी खिडकीतूनच वर्तमानपत्राची एक बारीक सुरळी माझ्या हातात दिली. "ताई, काकांनी तीनदा सांगितलं, मोडू नका म्हणून. काय आहे यात? उदबत्ती?" मी म्हटलं, "माप आहे." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्या हसल्या आणि घंटी मारली.

बाकावर बसून मी सुरळी उलगडली. तुराटीची वाळकी, सरळ, बिनगाठीची काडी. विळ्यानं केलेल्या चार स्वच्छ खाचा. हात थरथरत असतील आता बाबांचे, पण खाचा सरळ होत्या. मी ती नाकाशी धरली.

कागद घडी करायला गेले तर आत काहीतरी टोचलं. कागदाच्या आतल्या पदरात आणखी एक काडी होती. पहिल्या काडीपेक्षा चांगली लांब. थोडी वाकडी, घाईत मोडलेली. तिच्यावरच्या खाचा विळ्याच्या नव्हत्या. भाजी चिरायच्या सुरीनं केलेल्या, उथळ, एकीकडे झुकलेल्या. मी मोजल्या. पाच होत्या.

या घरात पाचवी काडी कधी नव्हती. दादाची एक, माझी दोन, छोटीची तीन, आईची चार. मोजणाऱ्याला कोणी मोजलंच नव्हतं. बाबा आताशा रात्री जेवण झालं की लगेच बाजेवर झोपतात. तेव्हा आई सुरी आणि तुराटी घेऊन बाजेच्या पायथ्याशी बसली असेल, सुजल्या पायांनी, आवाज न करता. एक डोळा मिटून तिनं बघितलं असेल. काडीला अंगठ्यापुढे किती बोटं सोडलीत ते मला कळायला मार्ग नव्हता, पण तिनं सोडली असणारच.

मी दोन्ही काड्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात ठेवल्या आणि त्याच दुकानाकडे निघाले. रस्त्यात फोन वाजला. बाबा होते.

"काडी भेटली का, संगे?"

"भेटली बाबा."

"एकच हाय. नीट संभायून ठेवजो."

"हो बाबा," मी म्हटलं, "एकच आहे."